टायमिंगवाले चाचा, गंजगोलाई, लातूर : आमच्या परीक्षा हॉलची वेळ त्यांच्या ताब्यात दिली त्याबद्दल

लातुरात टेस्ट सिरीज किंवा अभ्यासिका चालवणाऱ्यांसाठी आणि भोंग्यावर पाळी बदलणाऱ्या कारखानदारांसाठी हे लिहिते आहे.

गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या एकावर चाचांचं दुकान आहे. अगदी अरुंद, पुढे काचेचं काउंटर आणि मागे भिंतभर घड्याळं. त्यांचं नाव आणि नंबर इथे देत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. हाताखाली एक भाचा, तेवढाच व्याप. ‘उद्या दहा गावांहून फोन आले तर मी कुणाकुणाला पुरू?’ असं ते म्हणतात. गोलाईत कुठल्याही पानटपरीवर ‘टायमिंगवाले चाचा’ म्हणा, दुकान दाखवतील. मी ट्यूशन एरियात फिजिक्स शिकवते आणि आमच्या टेस्ट सिरीजचं नियोजन माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी सगळ्या हॉलच्या घड्याळांचं काम आम्ही त्यांना दिलं. मधला उन्हाळा, वळीव आणि पावसाळा बघूनच लिहिते आहे, आणि या कामासाठी लातुरात मी दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही हे आधीच सांगून टाकते.

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या पेपरात २०२५ पासून पुन्हा १८० मिनिटांत १८० प्रश्न आहेत. प्रश्नामागे एक मिनिट, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. एखाद्या हॉलचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल आणि पेपर त्यावर गोळा झाले, तर तिथल्या मुलांचे दोन प्रश्न म्हणजे आठ गुण गेले. आमच्या सराव परीक्षेला वेगवेगळ्या मजल्यांवर मुलं बसतात. कुणी निलंग्याची, कुणी कंधारची, कुणी बीडहून येऊन इथे खोली करून राहिलेली. सगळ्यांची रँक एकत्र लागते. रँक एकच लावायची आणि वेळ मात्र हॉलप्रमाणे कमी-जास्त द्यायची, हे मला सहन होत नाही. एका मुलीचे वडील, रेणापूर तालुक्यातले शेतकरी, ऑफिसात आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, वरच्या मजल्यावरचे पेपर आधी घेतले. पोरगी माझी खोटं बोलायची नाही.’ मी फोन हातात धरून एकेक हॉल फिरले. सगळ्यांत पुढच्या आणि सगळ्यांत मागच्या घड्याळात दोन मिनिटांहून जास्त फरक होता. मुलगी खरं बोलत होती.

यातली काही घड्याळं ‘सॅटेलाइट क्लॉक’ म्हणून घेतलेली होती, लाल आकड्यांची, नगाला चार हजार रुपये देऊन. विक्रेत्याचं नाव घेत नाही. चाचांनी एकाचं मागचं झाकण उघडून माझ्यासमोर ठेवलं. आत साधा क्वार्ट्झचा बोर्ड आणि एक बटण सेल. अँटेना नाही, अँटेना जोडायला जागा नाही, नेटची जोडणीही नाही. असं घड्याळ उपग्रहाची वेळ घेणार तरी कुठून? तुम्ही कुणाकडूनही घ्या, पण आधी एवढं विचारा की अँटेना कुठे बसणार आणि तिची तार कुठून येणार. समोरचा ‘आमच्या मॉडेलला लागत नाही’ म्हणाला, तर वेळ कुठून येते हे त्याला सांगता आलं पाहिजे.

चाचा मूळचे मनगटी घड्याळांचे कारागीर. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने बंगळुरूत घड्याळं काढायला सुरुवात केली. पुढे ‘जनता’ हे चावीचं घड्याळ घरोघरी पोचलं, आणि आमच्याकडे लग्नात नवरदेवाच्या मनगटावर ते असायचंच. त्याचा बॅलन्स, म्हणजे आतलं डोलणारं चाक, तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला पाच. चाचांच्या काउंटरवर जुनं टायमिंग मशीन अजून चालू आहे. घड्याळ त्याच्या मायक्रोफोनवर धरायचं, मशीन एकेक ठोका ऐकतं आणि कागदी पट्टीवर ठिपके उमटवत जातं. ओळ वर चढली तर घड्याळ पुढे चाललंय, खाली उतरली तर मागे. माझ्या वडिलांचं ‘जनता’ त्यांनी त्यावर लावून दाखवलं. डायल वर करून एक ओळ, डायल खाली करून दुसरी, चावी खाली धरून तिसरी, आणि तिन्हींचा उतार वेगळा. ‘माणूस रात्री घड्याळ कसं काढून ठेवतो ते बी विचारावं लागतंय,’ चाचा म्हणाले. दिवसाचे ४,३२,००० ठोके, त्यांतले पंचवीस कमी पडले की घड्याळ पाच सेकंद मागे. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र हवं असेल तर चावीच्या घड्याळाला दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांत बसावं लागतं. ‘जनता’कडून तेवढी अपेक्षा कुणी करत नाही. चाचांनी ते दहा सेकंदांच्या आत आणून दिलं आणि वर विचारलं की उशाशी ठेवता की कपाटात. कामाची ही पद्धत बघूनच मी संस्थेचं काम त्यांना द्यायचं ठरवलं.

भिंतीवरची घड्याळं का चुकतात हे त्यांनी ज्या तऱ्हेने समजावलं, ते मी आता वर्गात सांगते. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे दोनचा पंधरावा घात, म्हणून पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला एक ठोका मिळतो. पण तो स्फटिक सुमारे २५ अंशांना बरोबर चालेल असा कापलेला असतो. ‘मॅडम, गरम झालं की मागं पडतंय, आणि थंड झालं तरी मागंच पडतंय,’ चाचा म्हणाले. मी घरी जाऊन गणित मांडलं. फरक तापमानाच्या अंतराच्या वर्गाने वाढतो, दर वर्ग अंशाला दहा लाखांत सुमारे ०.०३४ भाग. पत्र्याखालचा आमचा वरचा हॉल मे महिन्यात ४२ अंशांना धरला, तर १७ चा वर्ग २८९, म्हणजे दहा लाखांत जवळपास दहा भाग. दिवसाला ०.८५ सेकंद, महिन्याला पंचवीस सेकंद मागे. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांनाही ते मागेच पडणार, त्यामुळे उन्हाळ्यातली तूट हिवाळ्यात भरून निघत नाही. मनगटावरचं घड्याळ अंगाच्या उबेने वर्षभर साधारण एकाच तापमानात राहतं. म्हणून पाचशे रुपयांचं हातघड्याळसुद्धा भिंतीवरच्या महागड्या घड्याळापेक्षा बरं चालतं. आणि भिंतीवरचा सेकंदकाटा नऊच्या आसपास नुसता थरथरताना दिसला तर सेल संपत आलाय. नऊपासून वर काटा उचलायलाच सगळ्यांत जास्त जोर लागतो.

मनगटी घड्याळांवरून चाचा या कामाकडे कसे आले? मी विचारलं तर म्हणाले, ‘किल्लारीमुळं.’ ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. ही वेळ ठाऊक नसलेला माणूस आमच्या भागात सापडायचा नाही. भूकंपानंतर त्यांच्याकडे बंद पडलेली लोलकाची घड्याळं दुरुस्तीला आली. धक्का सगळ्यांना एकदाच बसला होता, पण काटे एकाचे पावणेचारला थांबलेले, एकाचे चारला पाच कमी असताना, एकाचे चार वाजून गेल्यावर. आपल्या जिल्ह्यात दोन घरांची वेळ एक नाही, हे त्यांना तेव्हा दिसलं. पुढे त्यांना कळलं की भूकंपाचं केंद्र शोधतात ते निरनिराळ्या ठिकाणच्या यंत्रांवर लाट किती वाजता पोचली त्यावरून. लाट पृथ्वीच्या कवचातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते, म्हणजे एका यंत्राचं घड्याळ एक सेकंद चुकलं की सहा किलोमीटरचा घोळ. त्या यंत्रांना वेळ कोण सांगतं, हे शोधत शोधत ते अणुघड्याळांपर्यंत आणि जीपीएसपर्यंत पोचले. दहावीपर्यंत शिकलेला हा माणूस मला सेकंदाची व्याख्या न अडखळता सांगतो : सीझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं, १९६७ पासून.

आमच्याकडे त्यांनी बसवलेली व्यवस्था अशी आहे. गच्चीवर मोकळ्या जागी अँटेना, तिथून तार खाली ऑफिसात, ऑफिसात मास्टर घड्याळ, म्हणजे बाकी सगळ्यांना वेळ देणारं. प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळ असतं आणि त्यावरून मास्टरला दर सेकंदाला एक नेमका ठोका मिळतो. त्यांचा नवा रिसीव्हर ‘नाविक’चेही, म्हणजे जीपीएससारख्या आपल्या भारतीय यंत्रणेचेही, उपग्रह धरतो. नाविकच्या पहिल्या उपग्रहावरची परदेशी रुबिडियम अणुघड्याळं बंद पडली होती आणि २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर अहमदाबादला बनवलेलं आपलं स्वतःचं रुबिडियम घड्याळ गेलं, हे चाचांनी मला इतक्या अभिमानाने सांगितलं की दुकानातली दोन गिऱ्हाइकंही ऐकत उभी राहिली.

मास्टर बंद करून पुन्हा चालू केलं तर पंधरा मिनिटं त्याच्या वेळेवर विश्वास ठेवायचा नाही, अशी त्यांनी लाल शाईची चिठ्ठी लावली आहे. कारण असं की जीपीएसची स्वतःची वेळ लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला जागतिक वेळेत अधूनमधून घातलेला जादा सेकंद, धरत नाही. १ जानेवारी २०१७ पासून ती जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. किती सेकंद वजा करायचे ते उपग्रहाच्या संदेशातूनच येतं, आणि तो पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर आकडे ठळक दिसतात, पण चुकीचे असू शकतात.

हॉलमधली घड्याळं हा या कामाचा मला सगळ्यांत आवडलेला भाग. मी लाल आकडेच मागितले होते. चाचांनी आधी मुलांना विचारायला सांगितलं, आणि मुलांनी काट्यांचं घड्याळ मागितलं. किती वेळ उरला ते काट्यांवर एका नजरेत दिसतं, वजाबाकी करावी लागत नाही. म्हणून त्यांनी काट्यांची घड्याळं स्वतः बांधून दिली. त्यांत सेल नाही, स्फटिक नाही. दर मिनिटाला मास्टरकडून तारेतून २४ व्होल्टचा ठोका येतो, एकदा सुलट आणि पुढच्या मिनिटाला उलट, आणि मिनिटकाटा एक घर पुढे सरकतो. सगळ्या हॉलमध्ये एकाच क्षणी. जुन्या काळी मोठ्या स्टेशनांवरची घड्याळं याच पद्धतीने चालायची. वीज गेली तर मास्टर बॅटरीवर राहतो, किती ठोके द्यायचे राहिले ते मोजून ठेवतो आणि वीज आली की भराभर ठोके देऊन काटे जागेवर आणतो. सुरुवातीला एका हॉलचं घड्याळ नेमकं एक मिनिट मागे राहायचं. चाचांनी फोनवरच सांगितलं, ‘दोन तारा उलट जोडल्यात.’ तसंच निघालं.

घंटाही मास्टरच वाजवतो. सुपरवायझरला स्वतःच्या घड्याळाकडे बघायचं काम उरलं नाही.

दर महिन्याला चाचा किंवा त्यांचा भाचा पिशवीत वेगळा रिसीव्हर घेऊन येतात. तो मास्टरशेजारी ठेवून दोन्ही आकड्यांचा फोनवर स्लो मोशन व्हिडिओ घेतात, सेकंदाला २४० चित्रं, म्हणजे एकेक चित्र साधारण चार मिलिसेकंदांचं. मग चित्र पुढेमागे करून आकडा कधी बदलला ते बघतात. मग प्रत्येक हॉलचा काटा तपासतात आणि घड्याळाखालच्या कार्डावर तारीख, फरक, सही. पालक आले की मी त्यांना ते कार्ड दाखवते. रेणापूरचे ते गृहस्थ पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी कार्ड नीट वाचलं आणि मागच्या महिन्याचंही मागितलं. मला ते फार आवडलं.

लंडनला रिचर्ड हॉपट्रॉफ नावाचे घड्याळकार आहेत. त्यांनी खिशातल्या घड्याळात चिपएवढं सीझियमचं अणुघड्याळ बसवलं होतं, हजार वर्षांत दीड सेकंदाच्या फरकाचा दावा करणारं. पुढे त्यांची कंपनी वित्तसंस्थांना नेमकी वेळ पुरवण्याच्या धंद्यात उतरली. कारण युरोपात जानेवारी २०१८ पासून नियम आला : संगणकाने अतिवेगात शेअर व्यवहार करणाऱ्यांची घड्याळं जागतिक वेळेच्या १०० मायक्रोसेकंदांत हवीत, आणि ती तशी होती हे नंतर दाखवताही आलं पाहिजे. चाचांना हे सांगितलं तर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘कार्ड कसं ठेवतात ते?’ नेमका प्रश्न. वेळ फुकटातही मिळते, फोनवर मिळते. ती त्या दिवशी, त्या हॉलमध्ये बरोबर होती याची नोंद ठेवणारा माणूस मिळत नाही, आणि चाचांना आपण पैसे देतो ते यासाठी.

खर्च लिहिते. मास्टर, अँटेना आणि वीजरोधक मिळून २८,००० रुपये, हॉलचं एक घड्याळ ६,५००, तारेचे पैसे वेगळे, वर्षाची देखभाल ४,८००. वीजरोधकाचे पैसे वाचवू नका. मे महिन्यातल्या वळवाच्या विजा आपल्याकडे कशा पडतात ते सांगायला नको, आणि गच्चीवरची अँटेना त्यांना आयतीच सापडते.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. काम उशिरा झालं. जूनच्या बॅचआधी हवं होतं, पण पुण्याहून बोर्ड यायचे होते आणि चाचा अर्धवट काम सुरू करून देत नाहीत. पहिल्या काही परीक्षा आम्ही जुन्याच घड्याळांवर, दर वेळी फोनशी जुळवून काढल्या. दुसरं, ते आणि भाचा सोडले तर हे काम जाणणारा तिसरा कुणी नाही. भाचा पॉलिटेक्निकचा आहे, हुशार आहे, पण परीक्षेच्या दिवशी बिघाड झाला आणि दोघंही गावाला गेलेले असले तर आपण काय करायचं, याची पक्की सोय त्यांनी लावायला हवी. मी हे त्यांच्या तोंडावर सांगितलंय. त्यांनी आमच्या शिपाईकाकांना हाताने ठोके देऊन घड्याळ जुळवायला शिकवलं. ठीक आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. तिसरं, तारेचं काम ते स्वतः करत नाहीत. आमच्या इलेक्ट्रिशियनने घड्याळाची तार पंख्याच्या लाइनसोबत एकाच पाइपात ओढली, आणि चाचांनी पूर्ण मजल्याची तार उपसायला लावली. ते बरोबर होते, पण पाइप वेगळा हवा हे आधी कागदावर लिहून दिलं असतं तर आमचे पैसे दोनदा गेले नसते.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. चाचांचं कार्ड म्हणजे एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र नव्हे. औषध कंपनीला किंवा निर्यातीच्या ऑडिटला ते लागत असेल तर तशा प्रयोगशाळेतच जावं लागेल, आणि चाचा स्वतः तेच सांगतात. कंपन्यांसाठी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेशही आहे, की संगणकांची वेळ एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय माहिती केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी जुळलेली हवी. आमच्या कॉम्प्युटर लॅबसाठी त्यांनी जी पेटी दिली ती दोन्हीकडून वेळ घेते, छतावरच्या अँटेनाकडून आणि दिल्लीच्या सर्व्हरकडून, आणि दोन्हींत तफावत आली तर ईमेल पाठवते. लॅबमधले संगणक आधी आपापसात काही सेकंदांनी वेगळे चालायचे. आता जेईईच्या सराव परीक्षेला सगळ्या पडद्यांवर एकच वेळ असते.

भरतीच्या अकॅडमींसाठीही ते काम करतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या १०० मीटरला दोन प्रकाशकिरणांची फाटकं लावून वेळ घेतात. शिट्टी आणि स्टॉपवॉचवर वेळ घेणाऱ्यांनी एवढं तरी जाणावं : शंभर मीटरवर उभ्या माणसाला सुरुवातीचा आवाज ०.२९ सेकंद उशिरा ऐकू येतो. त्याच्या घड्याळावर पोरगं खोटं खोटं वेगवान ठरतं, आणि मग खऱ्या भरतीत त्याला धक्का बसतो. अकॅडमीवाल्यांनी जरूर जावं, भाडं दिवसावर आहे.

शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. जूनला हवं असेल तर मार्चमध्येच सांगून ठेवा, एप्रिल-मे लग्नसराईच्या घड्याळांत जातो. जाताना हॉलचा साधा नकाशा, गच्चीपासून ऑफिसापर्यंतची तारेची लांबी मीटरमध्ये मोजून, आणि पंख्याच्या वायरिंगचा फोटो घेऊन जा. लांबी अंदाजाने सांगितली तर ते परत मोजायला पाठवतात.